दुसऱ्याच वेलाचं पान

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आमच्या लिंडनथालच्या जत्रेत आल्मा झान्डरच्या शेपू घालून मुरवलेल्या काकड्यांना पहिला नंबर मिळाला आणि तिने बक्षिसाची निळी फीत परीक्षकांच्या पुढ्यात ठेवली. "बरणीवर नाव माझं आहे, पण आतलं पान माझ्या वेलाचं नाही. माझी बरणी कोणी पळवली?"

काकडी करकरीत राहावी म्हणून आम्ही बरणीत द्राक्षाचं पान घालतो, आणि इथली बाई आपल्या वेलाचं पान हजारांत ओळखते. आल्माचं खोल कातरलेलं असतं, हे गोलसर होतं. चोर सापडेपर्यंत चर्चमध्ये तोंड दाखवणार नाही, असं तिने जाहीर केलं. आल्मा बोलली की करते, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

अ‍ॅडलेडची खासगी गुप्तहेर मर्ल डन्स्टन आणि तिचा दीर रॉय त्या दिवशी केक खायला म्हणून दुपारपुरते गावात आले होते. आल्माने दोघांना थेट घरी नेलं. तिने साखरेच्या एकाच डब्यातून तिन्ही कपांत दोन-दोन चमचे घालून कॉफी दिली. रॉयने एक घोट घेऊन कप हळूच खाली ठेवला. मर्लने अर्धा संपवला. आल्मा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

सभागृहाची किल्ली क्लेम गेर्शकडे असते. बरण्या मांडताक्षणी आपण झाकणांवर कागदी पट्ट्या चिकटवल्या आणि परीक्षकांसमोर त्या जशाच्या तशा निघाल्या, असं त्याने ठासून सांगितलं. आल्माची बरणी तिची शेजारीण एल्फ्रीडा नोआक हिने गाडीतून आणली होती. एल्फ्रीडा दरवर्षी आल्माच्या मागे दुसरी येते. यंदा तिची जागा रिकामी होती.

"उन्हाने माझे काकडीचे वेल करपले," एल्फ्रीडा आपल्या घराच्या दारातच मर्लला म्हणाली. तोवर रॉयने तिच्या कुंपणावरची एक काकडी तोडून खायला घेतली होती. त्याच कुंपणावर द्राक्षाचा वेल होता, पानं गोलसर.

"म्हणजे हिनेच चोरली," परतताना रॉय म्हणाला.

"अरे, चोर कधी आपला माल दुसऱ्याच्या नावावर ठेवून पहिला नंबर देतो का?"

मर्लने दोघींना आल्माच्या स्वयंपाकघरात समोरासमोर बसवलं.

"पट्ट्या शाबूत होत्या, म्हणजे बरणी सभागृहात बदललेली नाही. वाटेत बदलली, आणि वाटेत ती एल्फ्रीडाच्या गाडीत होती. तिचे वेल करपलेले नाहीत, रॉयचं पोट साक्षीला आहे. तिने आपली बरणी तुमच्या नावाने ठेवली, आल्माबाई."

"का?" आल्माने विचारलं.

"तुम्ही आम्हाला मिठाची कॉफी पाजलीत. स्वतःही प्यायलात आणि तुम्हाला कळलं नाही. मिठाच्या जागी साखर पडली, तर मुरवलेल्या काकडीचं काय होतं?"

आल्माने मग खरं सांगून टाकलं. हिवाळ्यातल्या तापानंतर तिच्या जिभेची चवच गेली होती. वासही येत नव्हता. लोकांना कळलं तर बरणी हातातून काढून घेतील, म्हणून तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

एल्फ्रीडा घरी जाऊन खरी बरणी घेऊन आली. पाणी गढूळ झालं होतं, काकड्या बुळबुळीत.

"गाडीत ठेवतानाच दिसलं मला," एल्फ्रीडा म्हणाली. "तुला हरवायचंच होतं गं मला. पण सगळ्या गावाने तुला हसावं, असं नव्हतं."

आम्हा लोकांना तोंडावर गोड बोलायची सवय नाही. आल्माने खुंटीवरची टोपी घेतली, एल्फ्रीडाच्या दंडाला धरलं आणि तिला सभागृहात नेलं. तिथे सगळ्यांच्या देखत तिने निळी फीत एल्फ्रीडाच्या छातीवर टाचली आणि मोठ्याने सांगितलं, "बरणी हिची आहे. मला आता चव कळत नाही. पुढच्या वर्षीपासून माझ्या बरणीत मीठ एल्फ्रीडा घालेल."

इतकी वर्षं हरूनही कधी न रडलेली एल्फ्रीडा तिथेच ढसाढसा रडायला लागली. आल्माने तिचा दंड सोडला नाही.