विहिरीतला गजर

लीलाधरभाऊंनी उभ्या जन्मात गुडघ्याच्या वर पाण्यात पाय घातला नव्हता, आणि छंद मात्र पाणबुड्यांच्या घड्याळांचा! तीही साधीसुधी नव्हेत, गजराची. समुद्रात उतरण्यापूर्वी काटा लावायचा, म्हणजे टाकीतली हवा संपायच्या आत घड्याळ मनगटावर भुंग्यासारखं घुरघुरतं आणि सांगतं, 'बस झालं, वर चल.' मुंबईच्या जुन्या बाजारातून अशी सात घड्याळं त्यांनी सावद्याला आणली होती. सावद्यापासून समुद्र किती लांब, हे विचारायची सोय नव्हती. भाऊ तांब्याने अंघोळ करतानाही गजर लावून बसत, आणि तो वाजला की शहाण्यासारखे बाहेर येत.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात सातवं घड्याळ आलं, तेव्हा त्यांच्या पत्नीचा, मंदाबाईंचा संयम सुटला.

"पाण्यात वाजून दाखवा. नाही वाजलं, तं सातही घड्याये भंगारवाल्याले."

भाऊंचा जीव टांगणीला लागला. कारण हे घड्याळ जरा विचित्र होतं. परवाच न्हाणीघरात ते चावी न देताच घुरघुरलं होतं. स्प्रिंग सैल असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

परीक्षा ठरली पितांबरच्या केळीच्या मळ्यात, भरीत पार्टीच्या दिवशी. पितांबर म्हणजे मंदाबाईंचा धाकटा भाऊ, दाजींची थट्टा करायला सदा तयार. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळात वांगी भाजत होती. भाऊंनी गजराला चावी दिली, काटा थोडा पुढे लावला आणि सुतळीला बांधून घड्याळ विहिरीत सोडलं. आत उतरायच्या दगडी पायऱ्या उन्हाने कोरड्या ठणठणीत होत्या. सगळे कठड्यावरून ओणवे झाले.

"दाजी, आता बेडकं बी टायमावर उठतीन!" पितांबर म्हणाला.

तेवढ्यात खालून घुर्रर्र आवाज आला. विहिरीत तो चांगलाच घुमला. टाळ्या पडल्या. मंदाबाईंनीसुद्धा हसून हार मानली.

"ऱ्हाऊ द्या मंग घरात."

आनंदाने भाऊंना रडू फुटायचंच बाकी राहिलं.

गजर थांबला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला.

टाळ्या वाजवणाऱ्यांना काही वाटलं नाही. भाऊंना वाटलं. एका चावीत गजर एकदाच वाजतो.

"घ्या वर आता," मंदाबाई म्हणाल्या. "वांगे गार होऊन राह्यले."

भाऊंनी सुतळी ओढली. घड्याळ निथळत हातात आलं. त्यांनी ते कानाला लावलं. टिकटिक छान चालली होती. गजर गप्प होता.

विहिरीतला मात्र चालूच होता.

पितांबर हसायचा थांबला. "दाजी, अजून एक सोडलं व्हतं का?"

भाऊंनी नकारार्थी मान हलवली. बाकीची सहा घरी कपाटात होती.

मग खालचा गजरही थांबला.

"वर यायची वेय झाली असीन कोनाची," मंदाबाई सवयीने म्हणाल्या.

सगळे पुन्हा कठड्यावरून ओणवे झाले.

पाण्यालगतची कोरडी पायरी ओली झाली. मग तिच्या वरची.