डोळे धूसर येतात

ती कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात शिरली ती पत्ता विचारायला. उंबऱ्यात पाय अडखळला, खांद्यावरची पिशवी काउंटरवर कलंडली आणि आतली लेन्स घरंगळत थेट काउंटरमागच्या कारागिराच्या हातात.

"वाचली," तो हसला. "हिचा कॅमेरा कुठाय?"

"तोच तर घोळ आहे. लेन्स बाबांची. ते गेले… कॅमेरा माझा, वेगळ्याच कंपनीचा. एकमेकांत बसतच नाहीत."

"बसवू की. मधे कुणीतरी मध्यस्थ लागतो, एवढंच."

मध्यस्थ म्हणजे पितळेचं कडं. ते त्याने लेथ यंत्रावर कातून काढलं आणि चाचणीसाठी तिलाच समोर खुर्चीत बसवलं. कॅमेऱ्यातून तिच्या दोन-दोन प्रतिमा दिसायच्या. त्या जुळल्या की बटण दाबायचं. पुढच्या आठवड्यात फोटो धुऊन आले. खिडकीबाहेरचा लांबचा मनोरा लख्ख आणि तिचे डोळे धूसर.

"डोळेच कसे येत नाहीत तुमचे?"

"तुम्ही नीट बघतच नसाल."

त्याचे कान लाल झाले. लेन्सचा नेम जुळावा म्हणून तो कड्याची कड कानसीने घासायला बसला.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? तो बटण दाबणार, तेवढ्यात बाईसाहेब हळूच पुढे झुकायच्या. अगदी बोटभर. फोटो बिघडला म्हणजे पुन्हा यायला मोकळी! आणि तो भला माणूस स्वतःच्याच हाताला दोष देत दर खेपेला कड घासत राहिला.

मग तिची नोकरी पक्की झाली. लांब, एका धरणाच्या बांधकामाचे फोटो काढायची. परवा निघायचं होतं.

"आले! डोळे आले!" त्या दिवशी फोटो नाचवत तो म्हणाला. मागचा मनोरा मात्र पार विरघळला होता. तिने ते पाहिलं, धरणही असंच विरघळणार हे तिला कळलं आणि तिला रडूच फुटलं.

"मी पुढे झुकायचे… दर वेळी. मुद्दाम."

त्याने कडं काढून उजेडात धरलं. "कड जास्त घासली गेली. नवीन कडं करतो. उद्या ये."

ये म्हणाला. पहिल्यांदाच.

"आणि माझं काय?" तिने विचारलं.

"आई अंथरुणाला खिळलीये. तिला सोडून मी कुठे येणार? आणि तू बाबांची लेन्स घेऊन कामाला निघालीस… तुला कुठल्या तोंडाने अडवू?"

"अडवून तर बघायचं."

त्याने नाही अडवलं. लेथ सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी ती खुर्चीत अजिबात हलली नाही. त्याने घाईने धुऊन घेतलेला फोटो संध्याकाळीच हातात आला. मनोरा लख्ख, पापणीन् पापणी लख्ख. तिने शोध शोध शोधलं, पण खोट काढायला जागाच नव्हती.

"जमलं," तो खाली बघत म्हणाला.

"हो. जमलं," ती म्हणाली, आणि कॅमेरा पिशवीत ठेवायला लागली.