निळा थेंब

चंद्रावरच्या आमच्या वसाहतीत एकादशीच्या सकाळी बदकाची तीन पिल्लं मरून पडली. चार दिवस मी त्यांना भाजक्या दाण्यांचं कूट घालत होते. त्याच कुटाचे चाळीस लाडू माणसांच्या फराळासाठी वळून तयार होते.

दाणे मीच निवडले होते. काहींवर हिरवट बुरशी होती, पण इथे दाणा टाकायचा म्हणजे जिवावर येतं. मी त्यांना फडक्याने पुसलं आणि खरपूस भाजलं. भाजलं की दोष जातो, असं आमच्याकडे लहानथोर सगळेच म्हणतात.

माझी दमयंतीआत्या इथली रसायनशास्त्रज्ञ. तिने थोडं कूट स्पिरिटमध्ये घुसळलं, गाळलं आणि त्याचा एक थेंब कागदावर सोडला. मग खोलीत अंधार करून अतिनील (डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशाचा दिवा लावला. थेंब निळा उजळला. इतकं सुंदर मी काही पाहिलं नव्हतं. आत्या म्हणाली, हेच ते विष, अफ्लाटॉक्सिन.

"पण मी भाजले होते," मी म्हणाले.

"भाजून बुरशी मेली. विष कुठे जिवंत असतं मरायला?"

मग तिने समजावलं. त्याच्या एका रेणूत (जोडलेल्या अणूंच्या गटात) पस्तीस अणू. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, गुळात असतात तेच. इथे मात्र त्यांच्या कड्या एकमेकींत अशा घट्ट बसलेल्या, की कढईच्या आचेने बऱ्याचशा तुटतच नाहीत. यकृत (शरीरातली सफाई करणारा अवयव) हे विष बाहेर काढायला त्याला एक ऑक्सिजन चिकटवतं, आणि त्यानेच ते आणखी घातक होतं. पेशीतल्या डीएनएला (शरीर घडवायच्या सूचनांच्या धाग्याला) जाऊन डसतं. एवढीशी बुरशी आणि हे कसब! माझ्या अंगावर काटा आला.

इतक्यात फराळाची घंटा झाली. माझा धाकटा भाऊ ओजस पानावर पहिला बसणार, हे मला ठाऊक होतं. मी धावत सुटले.

"लाडू खाऊ नका. बुरशीचे दाणे मी भाजून त्यात घातलेत."

ओजसने हातातला लाडू खाली ठेवला. मला रडू आलं. त्या दिवशी सगळ्यांनी नुसती भगर खाल्ली.

संध्याकाळी आत्याने माझ्या हातात एक कुपी दिली. आत त्याच जातीची बुरशी होती, पण हिला विष करता येत नव्हतं. शेतात आधी ही पेरली, की विषारी बुरशीला फारशी जागाच उरत नाही.

"पेरणी तू करायची," आत्या म्हणाली. "चूक झाली तर चारचौघांत सांगणारं माणूस मला हवं आहे."