ओटीवरची भरती

मानवाने निसर्गावर मिळवलेल्या विजयांचा इतिहास पुढेमागे कोणी लिहिलाच, तर त्यात श्रीवर्धनच्या एका ओटीला स्वतंत्र प्रकरण द्यावं लागेल, असं मी १९५९ सालच्या माघात, काचेच्या टाकीत शेवटची कळशी ओतताना जाहीर केलं. ते प्रकरण अर्ध्या तासात ओटीवरून खाली उतरलं आणि आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे वेणूने, अंगणात वाळत घातलेल्या सांडग्यांत शिरलं.

"इतिहास गळतोय," वेणू म्हणाली. "आधी लुकण लावा, मग काय जिंकायचं ते जिंका."

लुकण लावलं. मी हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. गळती कशी शोधायची आणि कशी बुजवायची हे मला कळतं. पुढच्या हकिगतीत हे महत्त्वाचं आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मासे मुंबईच्या मित्राने दिले होते. एंजल माशांची जोडी: तळहाताएवढे चपटे, चंदेरी, अंगावर काळे उभे पट्टे. बिस्किटांच्या डब्यात पाणी घालून तो डबा मी आगरदांड्याहून दिघीपर्यंत तरीत मांडीवर धरून बसलो. तरीतल्या प्रत्येकाने आत डोकावून कालवण किती जणांना पुरेल ते सांगितलं.

टाकीत मी तळ्यातलं पाणगवत लावलं आणि एक शाळकरी पाटी तिरकी उभी केली. हे मासे अशा सपाट जागी अंडी घालतात. घातलीही. तिसऱ्या दिवशी सगळी अंडी पांढरी पडली. पुन्हा घातली, पुन्हा पांढरी. मित्राला पत्र लिहिलं. उत्तर आलं: "तुझ्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असणार. त्याने पाणी जड होतं. लिंबू पिळून बघ. वाळू फसफसली तर फेकून दे."

मग मी खिशात लिंबू घेऊन किनारे पालथे घातले. श्रीवर्धनची वाळू फसफसली. शेजारच्या दोन गावांचीही फसफसली. शेवटी हरिहरेश्वरच्या अलीकडे, कातळाच्या एका खाचेत, काळीभोर बारीक वाळू मिळाली. लिंबू पिळलं, ती गप्प राहिली. पिशवी भरून आणली, सात पाण्यांनी धुतली, टाकीत पसरली.

आमच्या शेजारच्या वाडीत कृष्णाबाई सुपारी सोलायला यायची. तिचा नवरा गुणाजी मचव्यावर खलाशी होता. कार्तिकातल्या वादळात मचवा गेला. बाकीच्यांची प्रेतं लागली, गुणाजीचं लागलं नाही. फक्त मचव्याची एक फळी किनाऱ्याला आली. तिचा थोरला दीर चांगदेव म्हणत होता की पेंढ्याचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, कृष्णाबाईने कुंकू पुसावं, बांगड्या फोडाव्यात आणि विषय संपवावा. येत्या अमावस्येचा दिवस ठरला होता. कृष्णाबाईचं म्हणणं एकच: "पेंढ्याला नवरा कशी म्हनू?"

ती पाणी प्यायला आमच्या ओटीवर आली आणि टाकीपाशी थांबली.

"मास्तर, ही वाळू खयची?"

मी खाच सांगितली.

तिने तांब्या खाली ठेवला. "फळी तितंच लागली व्हती. बुडाल्याची वाळू घरात आनीत न्हाय, मास्तर."

"सात पाण्यांनी धुतली आहे," मी म्हणालो.

"मंग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, जणू मी तिच्याच बाजूने काही बोललो होतो.

द्वादशीला माशांनी पाटीवर अंडी घातली. ती पांढरी पडली नाहीत. मला आनंद व्हायला हवा होता, पण त्याच दिवशी पाणी दोन बोटं उतरलं. खालची फरशी कोरडी होती. लुकण मी नखाने तपासलं, सगळीकडे घट्ट. काचेवर आधीच्या पातळीला गेरूने रेघ मारली. तासागणिक पाणी वर येत गेलं आणि रेघेला टेकलं.

"तू ओतलंस?" मी वेणूला विचारलं.

"मला तुमच्या माशांचीच सेवा उरली आहे का?"

दोन दिवस मी वेळा टिपल्या. मग पंचांग काढलं. आमच्याकडे भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता भर समुद्र. त्रयोदशीची पाऊणपट पावणेदहा. पाणी पावणेदहाला रेघेवर होतं. चतुर्दशीला साडेदहा. साडेदहाला रेघेवर. मी वही मिटली आणि चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

ओहोटीला, पाणी उतरलं की, टाकीतल्या वाळूवर बारीक लाटा उमटलेल्या दिसायच्या. पुळणीवर दिसतात तशाच, फक्त केसाएवढ्या.

"अहो," वेणू हळूच म्हणाली, "ती कृष्णाबाई बघितलीत? पाणी उतरलेलं असतं तेव्हाच येते. दोन दिवस बघतेय मी. तिला कोण सांगतं?"

कृष्णाबाई यायची, टाकीपुढे बसायची, सुपारी सोलायची. माशांकडे बघायची नाही. वाळूकडे बघायची.

अमावस्या उजाडली. पाटीवरच्या अंड्यांना शेपट्या फुटून ती वळवळत होती. मासे आपली पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवतात, हे पुस्तकात दिलेलं आहे. पण या दोघांनी एकेक पिल्लू उचलून टाकीच्या अगदी टोकाच्या कोपऱ्यात, पाणगवताच्या एकाच पात्यावर नेऊन लावलं आणि स्वतःही तिथेच काचेला चिकटून उभे राहिले. बाकी सगळी टाकी त्यांनी मोकळी सोडली होती.

दहाच्या सुमारास कृष्णाबाई आली. सुपारी आणली नव्हती. कुंकू ठसठशीत लावलं होतं.

"पुतळा बांधून झालाय," ती म्हणाली. "मी हितं बसते."

पाणी चढत होतं. आज ते रेघेला थांबलं नाही.

अकराला चांगदेव अंगणात आला. "किस्ने, चल. भटजी खोळंबलाय. मास्तर, तुम्ही तरी समजवा हिला."

मी समजावणार होतो. तोंड उघडलंही होतं.

"हळू बोला, भावजी," कृष्णाबाई म्हणाली.

"का? कोन निजलाय?"

तिने नुसतं बोट केलं.

चांगदेव ओटीवर चढला, वाकला. मीही वाकलो. सव्वाअकरा होत होते. पाणी काचेच्या काठापर्यंत आलं होतं. काठाच्याही वर आलं होतं, फुगून, आणि सांडत नव्हतं.

टाकीच्या मधोमध वाळू दबली होती.

लांबी वीतभर. एका टोकाला गोल खळगा, मग खांद्याचा उतार, मग पोटाशी घेतलेले गुडघे. कुशीवर झोपलेल्या माणसाखाली गादी दबते, तशी वाळू दबली होती. वर कोणी नव्हतं. पाणी नितळ होतं.

चांगदेवने डोक्यावरची टोपी काढली.

"असाच निजायचा," तो म्हणाला. "ल्हान असल्यापास्नं."

मग तो पायऱ्या उतरला. भटजीला त्याने काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. पुतळ्याच्या गाठी सोडून पेंढा गुरांपुढे टाकला, एवढं वेणूने कुंपणावरून पाहिलं.

मी टाकीपासून हललो नव्हतो. विज्ञानाच्या माणसाने निरीक्षण सोडू नये, असं मी मुलांना सांगत असे. खरं म्हणजे पाय उचलत नव्हते.

खळगा हलला. गुडघे सावकाश सरळ झाले, खांद्याची जागा भरून आली आणि शेजारी दुसरी दबली. कूस बदलली होती. आता तोंड आमच्याकडे होतं.

कोपऱ्यातल्या माशांनी कल्ल्यांची उघडझाप थांबवली.

कृष्णाबाई पुढे सरकली. तिने काचेवर तळवा ठेवला. बांगड्या काचेला लागून किणकिणल्या. मग ती माझ्याकडे वळून, शेजारणीकडे विरजण मागावं तशा आवाजात म्हणाली,

"मास्तर, वैनींकडनं चिमटीभर मीठ आना जरा. या अळणी पान्यात त्येला झोप न्हाय लागत."