सावळेरामानं जाळं कापलं ती रात

राहू दे तो गळ आता, सुदर्शन. गुंडाळ. अंधारात मरळ चांगली लागती, खरं हाय, पण टाकलेली जाळीबी दिसत न्हाईत, होडी सोडायची न्हाई. तांबडं फुटलं की मी सोता नेईन तुमाला, मग काय धरायचं ते धरा. मोहित, ते लाकूड आत सार जरा. बसा. का न्हाई म्हणतोय ते सांगतो.

सावळेराम म्हणून माझा एक दोस्त व्हता. ह्याच पाण्यावर, डिंभ्याच्या धरणात मासं धरायचा. त्या समोरच्या डोंगराला, जिथं आता काळं दिसतंय ना, तिथं त्याची वाडी. भात, नाचणी व्हायची खायापुरती, बाकी सगळं ह्या पाण्यावर. सांजचं जाळं टाकायचा, पहाटं उचलायचा. कटला, रोहू, कवा एखादी वाम. माझा तवा मासळीचा टेम्पो व्हता. बर्फाची पेटी घेऊन मी ह्या उतरणीला उभा असायचो. तो मासं आणायचा, मी घोडेगाव, मंचर, नारायणगाव करायचो.

लई बोलका माणूस, राव. होडी लांब असायची अन् त्याचं बोलणं आधी काठाला लागायचं. त्याची बायको लंकाबाई, ती त्याच्याहून वरचढ. दोघं होडीत असली की भांडत्यात का हसत्यात ते काठावरनं कळायचं न्हाई.

लग्नाला वर्सं झाली तरी त्यांना मूल न्हवतं. देवदेव झाले, दवाखाने झाले. अन् दोन हजार दोन सालात लंकाबाईला दिवस गेले. सावळेराम येडा व्हायचा बाकी राहिला. पेटीत मासं टाकता टाकता मला म्हणला, "संपत, पोरगी झाली ना, तर तिच्या हातनं पयला मासा पाण्यात सोडणार. धरायचे हायेतच की जलमभर. पयला सोडायचा."

भादव्यात तिच्या पोटात दुखाय लागलं. दिवस मावळलेला, वर पाऊस. वाडीचा जुना रस्ता धरणात गेलेला, डोंगरानं फिरून यायचं तर दिवस जातो. अशा बाईला आणायचं म्हणजे होडीच. तिकडनं कंदील हलवला की आमी समजायचो, कोणाला तरी दवाखान्यात न्यायचंय. मी कंदील बघितला. गावातनं जीप आणून इथं, ह्या डांबराच्या कडंला उभी केली.

होडी काय येईना.

निम्म्या पाण्यात वल्हं गुतलं व्हतं. जाळ्यात. दुसऱ्या कोणाच्या न्हाई, त्याच्याच. सांजंला टाकलेलं, वाऱ्यानं सरकून वाटंत आलेलं. तो पावसात चाचपडत गाठी सोडवत बसला. नवं जाळं व्हतं. कापायचं त्याला सुचलं न्हाई का जिवावर आलं, ते त्यानं मला सांगितलं न्हाई अन् मीबी इचारलं न्हाई.

लंकाबाई मागं पडून इचारायची, "पोचलो का वो?"

तो म्हणायचा, "आलंच, आलंच."

थोड्या वेळानं परत, "पोचलो का?"

"आलंच, लंके."

मग तिनं इचारायचं थांबवलं.

होडी काठाला लागली तवा जीप चालू व्हती. पण न्यायचं कोणाला? ती गेली व्हती. पोटातलंबी तिच्यासंगं गेलं.

त्या दिवसापासनं सावळेराम बोलायचा थांबला. मासं धरायचा, कारण दुसरं काय येत न्हवतं त्याला. पण ह्या उतरणीवर परत पाय ठेवला न्हाई. मासं घ्यायला मलाच तिकडं धरणाच्या भिंतीच्या अंगाला जायला लागायचं. मात्र एक केलं त्यानं. वाडीच्या काठावरनं कोणी "होऽऽडी" अशी हाक मारली, की हातातलं टाकून जायचा. दिवस म्हणला न्हाई, रात म्हणला न्हाई. म्हातारं असू दे, लेकरू असू दे. पार करून भिंतीपाशी सोडायचा अन् वळून माघारी.

आता त्या रातीचं ऐका. दोन हजार तीन साल. मार्गशीर्षातली अवस मंगळवारी व्हती. त्याच्या आदली, सोमवारची रात. थंडी अशी की पेटीतल्या बर्फाचीबी कीव यावी. कळंबच्या एका खानावळवाल्याला सकाळी मोठा कटला पाहिजे व्हता, म्हणून सावळेराम पहाटेची वाट न बघता रातचाच जाळं उचलाय गेला. मी इथं टेम्पोत घोंगडी घेऊन पडलेलो. उजाडायच्या आत उठून भिंतीकडं जाणार व्हतो.

पुढचं त्यानं मला त्याच सकाळी सांगितलं. जसं सांगितलं तसं सांगतो.

जाळ्याचं एक टोक त्यानं हातात घेतलं. चांगली ओढ लागत व्हती, म्हणजे मासळी भरलेली. तेवढ्यात वाडीच्या काठावरनं हाक आली.

"होऽऽडी..."

बाईचा आवाज. त्याला वाटलं, कोणाच्या तरी घरी दुखणं आलं. जाळं सोडलं, वल्हं मारत गेला. काठाला एक बाई उभी. कंदील न्हाई, बॅटरी न्हाई. डोक्यावरनं घोंगडी. त्यानं इचारलं, "कोण गं? एकलीच?" ती मागच्या अंगाला जाऊन बसली.

माणूस बसलं की होडी दबती. ही दबली न्हाई.

त्यानं ध्यान दिलं न्हाई. पुढं तोंड करून वल्हं मारायला लागला. जरा येळानं त्याला आवाज आला. टप. टप. घोंगडीवरनं पाणी गळत व्हतं. मार्गशीर्षात. आभाळात ढग न्हाई, नुसत्या चांदण्या... अन् मागं पावसात भिजलेलं माणूस.



मधी पाणी लई शांत असतं. वल्ह्याचा आवाज तेवढा.

मागनं आवाज आला.

"पोचलो का वो?"

...

काय म्हणलास, मोहित? वळून बघितलं का न्हाई? हेच मीबी इचारलं त्याला. तर म्हणला, "संपत, लई वाटलं बघावं. भ्या न्हवतं रं. पण बघितलं अन् मागं कोणी नसलं, तर?"

न्हाई बघितलं त्यानं.

वल्हं मारत राहिला. अन् वल्हं अडलं. जाळं. त्याचंच. मघाशी हातातनं सोडलेलं, मासळीनं भरलेलं.

"पोचलो का?"

त्यानं कमरेची सुरी काढली. जाळं कापलं. सरळ कापलं. तंगूसचे, नायलॉनचे धागे तुटायचा आवाज, अन् आतले मासं सुटून पाण्यात फडाफडा... परत अडलं. परत कापलं. बोटं कापली. थांबला न्हाई. वर्साची कमाई त्या जाळ्यात, सगळं पाण्यात सोडलं. अन् तोंडानं एकच.

"आलंच, लंके. आता आलंच."

वल्ह्याच्या आवाजानं मी जागा झालो. टेम्पोतनं खाली उतरलो. होडी इकडं येत व्हती. ह्या उतरणीला. मला वाटलं, दुसरा कोणी असंल. पण वल्हं मारायची ढब सावळेरामाची.

होडी टेकली. तो गुडघाभर पाण्यात उतरला. दोन्ही हातांनी होडी धरली, उतरणाऱ्याचा तोल जाऊ नये म्हणून धरत्यात तशी. मग एक हात पुढं केला.

होडीत कोणी न्हवतं. मी बघत व्हतो. चांदण्यांच्या उजेडात होडी रिकामी.

पण त्याचा हात खाली गेला. कोणी भार टाकल्यावर जातो तसा. अन् जरा येळानं वर आला.

मी हाक मारणार व्हतो. टेम्पोला धरून थांबलो.

तो तसाच उभा. मान खाली. मग त्याच्या तोंडातनं आवाज निघाला... बायको मेल्यावर तिच्या मयतीला तो रडला न्हवता, पोरांनो. त्या पहाटं रडला. मी जाऊन त्याला धरलं. अंग बर्फासारखं, बोटांतनं रगत. तो एवढंच म्हणत व्हता, "पोचली. संपत, पोचली ती."

उजाडेपर्यंत आमी इथंच बसलो. त्यानं मला सगळं सांगितलं. मी म्हणलं, दमला असशील, डोळा लागला असंल. दुसरं काय बोलणार? 

मग दिसाय लागलं.

त्या हप्त्यात कॅनॉलला पाणी सोडलेलं, म्हणून धरण उतरलं व्हतं अन् काठाला ओल्या गाळाचा पट्टा उघडा पडलेला. कोणी तुडवलेला न्हाई. त्यावर पावलं व्हती. होडीपासनं वर. अनवाणी, बाईची. सावकाश टाकलेली.

मी अन् तो, बाजूनं चालत गेलो. त्या दगडापाशी, तो बघ, तिथं बाई थांबली व्हती. दोन्ही पावलं जोडीनं, खोल रुतलेली. वाकून काही खाली ठेवल्यासारखी.

अन् तिथनं पुढं तिच्या पावलांशेजारी दुसरी पावलं सुरू. माझ्या ह्या अर्ध्या तळव्याएवढी. वाकडी, तिकडी. नुकतं चालाय लागलेलं लेकरू आईचं बोट धरून चालतं ना... तशी.

सावळेराम खाली बसला. लई येळ बसला.

पुढं? पुढं काय न्हाई, सुदर्शन. वर सडकेपर्यंत गेली व्हती दोघांची पावलं, जिथं मी त्या वर्षी जीप लावली व्हती तिथपर्यंत. डांबरावर पाऊल उमटत न्हाई, बाबा.