कार्डावरची सात मिनिटं

साहेब, तुम्ही कागदावर खोटं लिहिलंत.

आणि तुम्ही ते लिहीत होतात तेव्हा मी तुमच्या जीपला टेकून, हातात कॅमेरा घेऊन, गप्प उभा होतो.

तुमचं नाव इथे टाकत नाही. घाबरतो म्हणून नाही. नाव टाकलं की लोक म्हणतील, दोघांचं काहीतरी वैर असेल. वैर नाही. प्रश्न आहे. तो शेवटी विचारतो.

या पानावर सगळे रात्रीचे अनुभव लिहितात. अमावस्या, स्मशान, पिंपळ. माझ्या अनुभवात रात्रच नाही. जे झालं ते मे महिन्यात, दुपारी बाराच्या उन्हात झालं. साल दोन हजार अकरा. जागा, पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना लागायचा तो चिंचफाटा. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. गोष्ट रचायची अक्कल मला नाही. पटलं तर पटलं.

मी हितेंद्र. नशिराबादला राहतो, लग्नाचं शूटिंग करतो.

त्या वर्षी रस्ता रुंद होणार होता. फाट्यावरची चोवीस घरं जाणार होती. भूसंपादनाच्या ऑफिसचा नियम असा, की प्रत्येक घरातल्या माणसाने उंबऱ्यात उभं राहायचं, नाव सांगायचं, ‘मी इथे राहतो’ म्हणायचं. ते शूट करायचं. शूटिंगमध्ये दिसला तो रहिवासी. त्याला नव्या वस्तीत प्लॉट. नाही दिसला, तर कागदावर ‘बंद घर’, प्लॉट नाही.

"एचडीच पाहिजे," तुम्ही म्हणाला होतात, साहेब. "भिंतीवरचा गेरूचा नंबर वाचता आला पाहिजे. नाहीतर दुसरा माणूस बघतो."

माझा जुना कॅमेरा एचडी नव्हता. मी जळगावला ज्ञानचंद काकांच्या दुकानात गेलो. म्हटलं, परवडेल असा दाखवा.

काकांनी काचेवर चार कॅमेरे मांडले.

"हा डीव्हीडीवाला. एवढीशी थाळी, एका हळदीत भरते. हा हार्डडिस्कवाला. तुझ्या मोटारसायकलचे धक्के खाऊन महिन्यात मरेल. राहिले दोन. हा टेपचा, हा कार्डाचा."

"कार्डाचा द्या. भरलं की पुसायचं, परत वापरायचं. टेपा किती साठवणार?"

"भाऊ, माझं ऐक, टेपचा ने. टेप पुसायची तर वरून परत तासभर शूटिंग करावं लागतं. तेवढ्या वेळात माणसाला लाज वाटते. कार्ड पुसायला एक बोट पुरतं."

"लाज वाटून आपला धंदा चालत नाही, काका."

ते हसले. मीही हसलो. कार्डाचा कॅमेरा घेतला. कार्ड एकच घेतलं. आठ जीबीचं. चांगल्या क्वालिटीला पंचावन्न मिनिटं.

मोजून लक्षात ठेवा. पंचावन्न.

फाट्यावर सकाळी नऊला सुरुवात केली. घर नंबर एक रस्त्याला लागूनच. पत्र्याचं छप्पर, दारात निंब. उंबऱ्यात एक म्हातारी आधीच उभी होती. डोक्यावर पदर, हातात खुरपं.

"ये रे भाऊ. मी कामले जाई नही ऱ्हायनू, तुन्ही वाट दखी ऱ्हायनू."

ताईबाई. नवरा जाऊन वीस वर्षं. मूलबाळ नाही. भाऊबंद कोणी नाही. त्या घरात एकटी.

मी म्हटलं, अक्का, नाव सांगा, इथे राहते म्हणा, झालं.

तिने नाव सांगितलं. आणि मग ती थांबेचना. हे निंबाचं झाड मालकांनी लावलं. ही चूल मी घातली. इथे साप निघाला होता. ह्या कोपऱ्यात मालक गेले... मी मध्ये तोडलं नाही. खरं सांगतो, मला वाटलं, हिचं ऐकायला बऱ्याच वर्षांत कोणी थांबलं नसावं.

सात मिनिटं झाली.

मग तिने विचारलं, "त्यामा मी शे ना रे भाऊ?"

त्यात ती आहे, हे मी छोट्या स्क्रीनवर दाखवलं. तिने डोळे बारीक केले.

"ही म्हतारी कोन शे? ही ते मन्ही सासू दखास!"

आणि अशी हसली की मलाही हसू आलं. मग दाराला कडी घातली, खुरपं घेतलं आणि निंदायला निघून गेली.

बारा वाजले. एकवीस घरं झाली.

कार्ड भरलं.

तीन घरं बाकी. लोक उन्हात उंबऱ्यात उभे. तुम्ही जीपमधून हॉर्न वाजवत होतात. "आटप रे, जेवायचं आहे!"

मी यादी उघडली. एकवीस क्लिपा. वीस छोट्या, एक लांब.

मनात म्हटलं, हिचं शेवटी परत घेऊ. थोडक्यात. घर तर रस्त्यावरच आहे.

स्क्रीनवर अक्षरं आली. डिलीट?

एक बोट पुरलं.

तीन घरं झाल्यावर मी नंबर एकला आलो. दाराला कडी. म्हातारी शेतात. कोणाच्या शेतात, कोणाला माहीत नाही.

"साहेब, ही बाई राहते इथे. सकाळी होती. संध्याकाळी येईल, तेव्हा घेतो."

"शूटिंगमध्ये आहे?"

मी काही बोललो नाही.

"मग बंद घर." आणि तुम्ही लिहिलंत.

तुम्ही मला आणखी एक प्रश्न विचारू शकत होतात. मी आणखी एक वाक्य बोलू शकत होतो. दोघांनाही भूक लागली होती.

यादी लागली. तेवीस नावं. जूनच्या आधी ताईबाई एसटीने नशिराबादला माझं दुकान शोधत आली. एकदा आली तेव्हा मी जामनेरला लग्नात होतो. शेजारचा पानवाला म्हणाला, एक आजी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पायरीवर बसली होती, पाणीसुद्धा मागितलं नाही.

दुसऱ्यांदा मी सापडलो.

"त्यामा मी शे ना रे भाऊ?"

"आहे ना अक्का," मी म्हणालो. "साहेबांकडे आहे."

"मंग काई चिंता नही."

माझ्या गालावरून हात फिरवला आणि गेली. मी तिला स्टँडपर्यंत सोडायलाही गेलो नाही.

आठ दिवसांनी घरं पाडली. फाट्यावर तोतारामचं चहाचं दुकान होतं, तेही गेलं. नंतर त्याने रस्त्याकडेला टपरी टाकली, तिथे मी त्याला विचारलं, ताईबाई कुठे गेली?

तो कप विसळता विसळता म्हणाला,

"दारले कडी व्हती. बाहेरथून व्हती का मझारथून, ते कोनी दखंच नही भाऊ."

आतून होती की बाहेरून... कोणीच पाहिलं नाही.

ढिगाऱ्यात काही सापडलं नाही. पण शोधलंही कोणी नाही. बंद घराच्या ढिगाऱ्यात कोण काय शोधणार?

आता ऐका.

पुढच्या लग्नाला मी कार्ड पूर्ण पुसून कॅमेऱ्यात टाकलं. स्क्रीनवर किती मिनिटं उरली ते दिसतं.

अठ्ठेचाळीस.

परत पुसलं. यादी रिकामी. एकही क्लिप नाही.

अठ्ठेचाळीस.

कार्ड खराब झालं असेल, म्हणून काकांकडे गेलो. त्यांनी नवं पाकीट माझ्यासमोर फोडलं. कार्ड टाकलं...

अठ्ठेचाळीस.

काकांनी दुसरं फोडलं. तिसरं फोडलं. मग काउंटरवरच्या दुसऱ्या कॅमेऱ्यात तेच कार्ड टाकलं. पंचावन्न. परत माझ्यात टाकलं.

अठ्ठेचाळीस.

"भाऊ," काका हळू आवाजात म्हणाले, "तू यातून काय पुसलंस?"

मी त्यांना सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं. त्यांनी तिन्ही कार्डं परत पाकिटात घातली.

मी काम चालू ठेवलं. पोटाला लागतं. पण फुटेज बघायला बसलं की...

स्टेजवर पाहुणे फोटोला उभे. मामा, मामी, आत्या. मी ओरडतोय, जवळ सरका, जवळ सरका. सगळे सरकतात. मध्ये एका माणसाची जागा मोकळीच राहते.

प्रत्येक लग्नात. कोणाच्या तरी शेजारी. एकाच माणसाची.

कोणी मुद्दाम सोडत नव्हतं. मी नंतर विचारलं तर लोक म्हणायचे, आम्ही तर खांद्याला खांदा लावून होतो.

एकदा घरातच तपासलं. बायकोला, मयुरीला म्हटलं, भिंतीला टेकून एकटी उभी राहा. अगदी मधोमध. तिला मधोमध धरून शूट केलं. चालवून बघितलं, तर ती फ्रेमच्या कडेला उभी होती. अर्धी भिंत रिकामी. आणि आवाजात, तिच्या हसण्याच्या मागे, दुसरा आवाज...

कडी हलल्याचा.

आमच्या दाराला कडी नाही. लॅच आहे.

मयुरी त्या दिवसापासून कॅमेऱ्यासमोर उभी राहत नाही. आमच्या मुलीच्या बारशाचं शूटिंग नाही. घरात आम्ही आहोत, पण आमचं एकही चित्र नाही.

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात मी काकांकडून टेपचा कॅमेरा घेतला. तो आधीच घ्यायला हवा होता. काकांनी टेप स्वतःच्या हाताने घातली. एसटी पकडून फाट्याच्या जागी उतरलो.

फाटा नव्हता. निंब नव्हता. डांबर, मधला दुभाजक, पांढरे पट्टे. सरळ रस्ता, एक वळण नाही.

दुपारचे बारा. पक्षी नाही, माणूस नाही. डांबर वाफाळत होतं. अंदाजाने नंबर एकच्या समोर उभा राहिलो आणि बटण दाबलं. सात मिनिटं, घड्याळ लावून.

ट्रक येत होते. आणि मला दिसलं...

प्रत्येक गाडी एका ठिकाणी थोडी बाजूला व्हायची. खड्डा नाही, दगड नाही. तरी ट्रक, कार, दुधाची मोटारसायकल, सगळे त्याच जागी वळून परत सरळ व्हायचे. उंबऱ्यात कोणी उभं असावं आणि त्याला धक्का लागू नये, तसे.

तोताराम आता रस्त्याच्या पलीकडे टपरी लावतो. त्याला विचारलं. त्याने तिकडे बघितलंच नाही.

"तठे काईच नही शे," तो म्हणाला. "पन गाडी आपोआप वळस."

टेप घरी चालवली. पहिली सहा मिनिटं नुसता रस्ता. गाड्यांचा आवाज. मग गाड्या दिसतात, पण त्यांचा आवाज हळूहळू कमी होतो... पूर्ण बंद होतो.

कडी वाजते.

आणि मग, माझ्या कानाशी, अगदी माझ्या कानाशी...

"त्यामा मी शे ना रे भाऊ?"

चित्रात कोणी नाही.

टेपला मागे एक बारीक पट्टी असते. ती सरकवली की त्यावर परत काही भरता येत नाही. मी ती सरकवली. मग टेप घेऊन तुमच्या ऑफिसात आलो, साहेब. आठवतं? तुम्ही दीड मिनिट बघितली. म्हणालात, "यात कोणी दिसत नाही. ती तिथे राहतच नव्हती, मग गेलं कोण?"

बरोबर आहे तुमचं. जी राहत नव्हती ती मेली कशी? तिच्या मरणाचा दाखला नाही. तिचं प्रेत नाही. तिचा एक फोटो कुठे नाही. तिचं एकच चित्र होतं, माझ्या छोट्या स्क्रीनवर, आणि तेही मी पुसलं.

काल परत बघितलं. कार्डाचा कॅमेरा अजून ठेवला आहे. फेकून द्यायची हिंमत होत नाही. नवं कार्ड, रिकामी यादी.

अठ्ठेचाळीस.

मी माझा गुन्हा वर लिहिला आहे, माझ्या नावासकट. आता तुमची पाळी. तोंडी नको, लेखी द्या, सही-शिक्क्यासकट.

चिंचफाटा, घर नंबर एक. दाराची कडी आतून होती की बाहेरून, हे पाडायच्या आधी कोणी पाहिलं होतं?