आयुधपूजेच्या दुपारी कापलेला रोल

ही गोष्ट रचलेली नाही. ज्यांच्यावर गुदरली ते गिरीधरराव आजही चेन्नईत, अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत लेबलं छापतात. विचारलंत तर नाही म्हणणार नाहीत. फक्त मान खाली घालतील.

दोन हजार चोवीसची आयुधपूजा. शुक्रवार. दुपारचे अडीच.

त्या दिवशी तिकडे कुणी यंत्राला हात लावत नाही. चंदन-कुंकू लावायचं, चुरमुरे-चणे वाटायचे, दारात कोहळा फोडायचा आणि घरी जायचं. हत्याराला एक दिवस विसावा.

पण गिरीधररावांनी त्या दुपारी मशीन सुरू केलं.

इलाज नव्हता. लहान मुलांच्या तापाच्या औषधाची लेबलं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कंपनीचा माणूस नमुन्याचा रोल न्यायला येणार होता. जुनी गिऱ्हाइकं एकेक करून सुटली होती. हेही गेलं, तर कारखान्याला कुलूप. नऊ माणसं घरी.

आणि कापायचं नवं, आपोआप चालणारं मशीन आठवडाभर एकच चूक करत होतं.

लेबल मागच्या मेणचट कागदावर चिकटलेलं असतं. पात्यानं वरचा कागद कापायचा, खालच्यावर ओरखडाही उठता कामा नये. उठला, की बाटल्यांवर लेबल चढताना रोल तुटतो.

हे काम एकतीस वर्षं सेतुमाधव अण्णांनी केलं. हाताच्या मशीनवर. पात्याखाली पातळ कागदाचे कपटे लावून ते दाब जमवायचे.

नवं मशीन आलं तेव्हा अण्णा त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "याला फिल्टर कॉफी लागत नाही, खरंय. पण शिवी तरी कळते का रे याला?"

"अण्णा, हे कॅमेऱ्यानं बघतं."

"बघू दे की! मी कुठं बघून कापतो?"

त्यांनी एकच मागितलं होतं. जुन्या मशीनला शेवटची आयुधपूजा होऊ दे, मग भंगारात घाल.

गिरीधररावांनी शब्द दिला. आणि जागा हवी म्हणून सप्टेंबरातच लॉरी बोलावली. अण्णा फाटकापाशी उभे राहून बघत होते.

त्यानंतर नवव्या दिवशी अण्णा झोपेतच गेले.

"सार, हाही गेला," कॉम्प्युटरवर बसणारी रम्या म्हणाली. "चौदावा रोल. दाब कमी केला तर वरचा पण कापत नाही."

"अजून एकदा."

"आज नकोच होतं हे, सार. अम्माला कळलं तर घरात घेणार नाही मला."

त्यांनी तिला घरी पाठवलं. एकट्यानं आणखी दोन रोल वाया घालवले. मग बटण बंद केलं आणि डोकं धरून खाली बसले.

पंखा थांबला. कॉम्प्रेसर थांबला. एवढ्या मोठ्या शेडमध्ये कसलाही आवाज उरला नाही.

आणि मग…

ठक.

आवाज कोपऱ्यातून आला. जुनं मशीन होतं तिथून. तिथं आता फरशीत बोल्टांची चार भोकं होती, बाकी काही नाही.

ठक… ठक…

त्यांनी ठोके मोजले. अण्णा दर दहा ठोक्यांनी थांबायचे आणि पात्यावर फुंकर मारायचे.

आठ. नऊ. दहा.

आवाज थांबला…

आणि गिरीधररावांच्या मानेवर गार वारा लागला.

पळायला हवं होतं. पण नऊ घरं डोळ्यांपुढे आली. त्यांनी रिकाम्या कोपऱ्याकडे बघून हात जोडले.

"अण्णा, मी चुकलो. जोड्यानं मारा मला. पण एवढा एक रोल करून द्या. पुन्हा काही मागणार नाही."

ते बाहेर आले. शटर ओढलं. पायरीवर बसून राहिले. आत ठोके पडत होते.

पाच वाजता आवाज बंद झाला.

आत रोल तयार होता. त्यांनी एक लेबल सोललं, मागचा कागद उजेडात धरला.

एक ओरखडा नाही.

नमुना पास झाला. काम मिळालं. सोमवारी रम्यानं मशीनची नोंद उघडली.

"सार, शुक्रवारी चारनंतर एकही कट नाही. मग हा रोल कापला कुणी?"

"तू गेल्यावर जमलं."

"बंद मशीनवर?"

त्यांनी हात पुढे करून ती नोंद बंद केली. कारण मशीन अजूनही तीच चूक करत होतं… आणि कंपनीला तसाच रोल हवा होता. रोज एक.

तेव्हापासून दुपारी एकला सगळे जेवायला बाहेर जातात आणि गिरीधरराव रिकाम्या कोपऱ्याला हात जोडून शटर ओढतात. आवाज सगळ्यांना ऐकू येतो. कुणी विषय काढत नाही. पगार वेळेवर होतात.

डिसेंबरात अण्णांच्या पत्नी, कृष्णवेणी वहिनी, फाटकापाशी आल्या. आत यायला तयार नव्हत्या.

"गिरी, हे रोज स्वप्नात येतात रे. हात काळे, डोळे खोल गेलेले. बसा म्हटलं तर म्हणतात, वेळ नाही." त्यांनी पदर तोंडाशी नेला. "मेल्यावर पण माणसाला वेळ नसतो का रे?"

गिरीधररावांना त्यांच्याकडे बघवेना.

"सोड त्यांना, बाबा. जाऊ दे."

"पोंगलपर्यंत, वहिनी. तोवर मी मशीन जमवतो. शब्द देतो."

वहिनी फाटकावरूनच मागे फिरल्या.

त्यालाही आता दोन पोंगल झाले.